वानखेडेच्या शेजाऱ्यांचा जाहीर इशारा

स्टेडियमचे चालक, सामन्यांचे संयोजक, पोलीस, महापालिका आणि राज्य सरकार या सगळ्यांना हा इशारा एकत्रच आहे. वेगवेगळा दिला की प्रत्येक जण तो शेजारच्या टेबलावर सरकवतो. चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मध्ये, रेल्वेच्या रुळांपासून समुद्राच्या कठड्यापर्यंत जी वस्ती आहे, तिथली आम्ही माणसं. आजपासून 30 दिवसांत आम्हाला गर्दीच्या बंदोबस्ताचा लेखी, सही-शिक्क्याचा आणि कोणालाही वाचता येईल असा जाहीर आराखडा हवा आहे. तो आला नाही, तर वानखेडेवरचा पुढचा मोठा सामना इथे होऊ नये, ही मागणी घेऊन आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. आणि मरीन ड्राइव्हवरून पुन्हा एखादी विजययात्रा काढायचा घाट घातलात, तर 30 दिवसांचीही वाट पाहणार नाही.

भाषा कडक वाटत असेल तर वाटू द्या. 4 जुलै 2024 नंतर मऊ भाषेत सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या संध्याकाळी काय झालं ते देशाने टीव्हीवर वरून पाहिलं, आम्ही खालून पाहिलं. 29 जूनला बार्बाडोसमध्ये भारताने टी-20 विश्वचषक जिंकला. चक्रीवादळामुळे संघ तिथेच अडकला, 4 तारखेला सकाळी दिल्लीत उतरला आणि संध्याकाळी मुंबईत आला. मिरवणुकीचं आमंत्रण समाजमाध्यमांवरून गेलं ते जेमतेम आदल्या दिवशी. पाच वाजता मरीन ड्राइव्हवर या, वानखेडेवर या. स्टेडियममध्ये प्रवेश फुकट. गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस. वर पाऊस. ऑफिसं सुटून लोकल भरभरून वाहतात, नेमकी तीच वेळ. मिरवणूक निघण्याआधीच स्टेडियम भरलं. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते रस्त्यावर थांबले आणि नव्याने येणारे त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. मरीन ड्राइव्हकडे येऊ नका असं पोलीस सांगू लागले, तोवर लोक येऊन चुकले होते. खेळाडूंची बस निघाली साडेसातच्या सुमाराला. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून वानखेडेपर्यंतचं अंतर ते केवढं, जेवल्यावर शतपावलीला जाण्याइतकं. पण तेवढ्यासाठीही त्या बसला वाट मिळेना. माणसं झाडांवर चढली, सिग्नलच्या खांबांवर चढली, उभ्या गाड्यांच्या टपांवर चढली. कित्येकांना गुदमरल्यासारखं झालं, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं.

त्या गर्दीने एका रुग्णवाहिकेला वाट करून दिली, त्याचं केवढं कौतुक झालं! मुंबईकरांचं मन किती मोठं, मुंबईचं स्पिरिट वगैरे. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळाच होता. रुग्णवाहिकेला लोकांच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहायची पाळी आलीच कशी? तिच्यासाठी रस्त्याची एक बाजू आधीच का राखली नव्हती?

रात्रभर पालिकेच्या सफाई कामगारांनी राबून मरीन ड्राइव्ह सकाळच्या फिरायला येणाऱ्यांसाठी मोकळा करून दिला. अकरा हजार किलोंहून जास्त कचरा निघाला आणि त्यात चपला-बुटांचे ढीग होते. चप्पल कोणी हौसेने टाकून जात नाही. माणूस चारी बाजूंनी दाबला जातो, पाय जमिनीवर टेकेनासा होतो, मागचा रेटा येतो आणि चप्पल जिथल्या तिथे राहते. वाकून उचलायला गेलेला माणूस पुन्हा उभा राहील याची खात्री नसते, म्हणून तो वाकत नाही. त्या ढिगाचा हिशेब कचरा म्हणून झाला, पंचनामा म्हणून व्हायला हवा होता. कोणी दगावलं नाही एवढ्यावर सगळे खूश झाले आणि फाइल मिटली.

बरोबर अकरा महिन्यांनी, 4 जून 2025 ला, तीच फाइल बेंगळुरूत उघडली. आदल्या रात्री अहमदाबादला तिथल्या संघाने अठरा वर्षांत पहिल्यांदा आयपीएल जिंकलं होतं. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमवर सत्कार ठरला. पुन्हा ऐनवेळचं आमंत्रण, फुकट पासांची घोषणा, आणि मिरवणूक निघणार की नाही याबद्दल उलटसुलट निरोप. स्टेडियमची क्षमता सुमारे 35 हजार आणि खुद्द मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यानुसार आले दोन ते तीन लाख. दरवाज्यांपाशी 11 माणसं मेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. त्यांतली बरीचशी विशी-तिशीतली होती. आणि आत सत्कार सुरूच होता.

पुढे जे होतं ते झालं. पोलीस आयुक्त निलंबित झाले, अटका झाल्या, चौकशी आयोग नेमला गेला. एवढी मोठी गर्दी पेलायला ते स्टेडियम सुरक्षित नाही, असं आयोगाने सांगितलं. महिला विश्वचषकाचे सामने तिथून हलवले गेले आणि ते आले आमच्याच खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. 2 नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी तिथे विश्वचषक जिंकला आणि आम्हीही त्या मध्यरात्री जागे होतो, अभिमानाने. पण म्हणून प्रश्न विचारायचा राहत नाही. 35 हजारांचं चिन्नास्वामी असुरक्षित ठरतं, तर 33 हजारांचं वानखेडे कोणत्या कागदाच्या आधारे सुरक्षित आहे? तो कागद आम्हाला दाखवा.

वानखेडे कुठे आहे ते एकदा नकाशावर बघाच. पूर्वेला पश्चिम रेल्वेचे रूळ, म्हणजे त्या बाजूने भिंतच. पश्चिमेला आमच्या इमारती आणि त्यांच्यामधून समुद्राकडे जाणारे सी, डी, ई, एफ, जी असे आखूड, अरुंद रस्ते. सामना सुटला की हजारो माणसं विनू मंकड रोडवर आणि या गल्ल्यांत एकदम ओतली जातात आणि दोनच स्टेशनांकडे निघतात. मुंबईतल्या जुन्या स्टेडियमना ऐसपैस मोकळं आवार नाही, इथे दरवाज्यातून पाय बाहेर पडला की तो रस्त्यावरच पडतो. ही गर्दी मरते कशी, हेही नीट समजून घ्या, कारण बैठकांमध्ये अजून अफवा, बेशिस्त आणि धावाधाव एवढंच बोललं जातं. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर ती आपापल्या पायांनी चालतात. पाच-सहा झाली की चालणं संपतं. मग कोणीही ढकलत नसताना रेटे येऊ लागतात आणि माणूस जिकडे रेटा नेईल तिकडे जातो. छाती फुगायला जागा राहत नाही आणि माणसं उभ्याउभ्या गुदमरतात. पुढच्याला काय होतंय ते मागच्याला दिसतही नाही, म्हणून तो पुढे सरकतच राहतो. हे मुंबईला शिकवायची गरज नाही. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पाऊस आला म्हणून लोक जिन्यात थांबले, मागून येणारे थांबले नाहीत, आणि 23 जण गेले. तिथे ना मिरवणूक होती ना क्रिकेट. होती फक्त कमी जागा आणि जास्त माणसं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अशा गर्दीसाठी 2014 मध्येच सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. किती माणसं येतील याचा आधी अंदाज, दरवाज्यांची वहनक्षमता, आत-बाहेरचे वेगळे मार्ग, रुग्णवाहिकेचा राखीव रस्ता, एकच नियंत्रण कक्ष आणि एकच जबाबदार अधिकारी, हे सगळं त्यात आहे. नवं काही शोधायचं नाही. आहे ते कपाटातून काढून अमलात आणायचं आहे.

आम्हाला क्रिकेटद्वेष्टे म्हणून बोळवू पाहणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर करतो. इथल्या जुन्या रहिवाशांना टीव्हीच्या आधी विकेट कळते. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे गोलंदाज पडद्यावर अजून धावतच असतो आणि खिडकीतून गर्जना येऊन गेलेली असते. चौकार कुठला, झेल कुठला, आपला बाद झाला की त्यांचा, हे आम्ही नुसत्या आवाजावरून सांगतो. 2 एप्रिल 2011 ची, इथेच विश्वचषक जिंकल्याची रात्र आम्ही कोणाला विकत देणार नाही. तेव्हा आमचं क्रिकेटप्रेम तपासण्याच्या भानगडीत पडू नका.

खरं तर हे स्टेडियम इथे आलंच भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम होतंच की. पण कसोटीच्या तिकिटांच्या वाट्यावरून तिथल्या क्लबाशी मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं बिनसलं, आणि शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. तिकिटं कोणाला किती, या वादाचा चुकारा आम्ही पन्नास वर्षं करतोय. 1975 च्या जानेवारीत तिथला पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर अभिनंदनाला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी झोडपलं आणि स्टेडियममध्ये दंगल उसळली. म्हणजे गर्दी आणि बंदोबस्त यांचं इथलं नातं पहिल्या सामन्यापासूनच बिघडलेलं आहे. 2007 च्या सप्टेंबरमध्ये टी-20 चे विजेते विमानतळावरून उघड्या बसने निघाले, त्यांना वानखेडेला पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागले. तेव्हाही हायसं वाटून सगळे विसरून गेले.

आता आवाजाकडे वळू, कारण तिथे तर कायदाच आमच्या बाजूला आहे आणि तो रोज मोडला जातो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रात्रीच्या वेळी आवाजाचे फटाके बंद. राज्य सरकारला बारा वाजेपर्यंत सूट देता येते, पण वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणसमारंभासाठी. ही सूट सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये तपासून घेतली आहे. आता सांगा, साडेसातला सुरू होऊन साडेअकराच्या पुढे लांबणारा, षटकागणिक डीजे वाजवणारा, विजयानंतर आकाशात दारू उडवणारा व्यावसायिक साखळी सामना यातल्या कोणत्या सणात बसतो? गणपतीच्या मंडळाला दहाच्या ठोक्याला आवाज बंद करायला लावणारे हात इथे खिशात का जातात? मंडळाचा कार्यकर्ता एका रात्रीसाठी पोलीस ठाण्यात हेलपाटे घालतो. इथे एका हंगामात अशा रात्रींची रांग लागते.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण हा विषय न्यायालयात गेलेला आहे. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क संयोजकांनी भरायचं असतं. ते वर्षानुवर्षं थकलं. 2023 मध्ये राज्य सरकारने या शुल्कात मोठी कपात केली आणि ती 2011 पासून पूर्वलक्षी लागू केली, म्हणजे कोट्यवधींची थकबाकी एका निर्णयाने हलकी झाली. त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला या सवलतीचं कारण विचारलं. आम्हीही तेच विचारतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या खेळाला सवलत, आणि आमच्या पोलीस ठाण्यातली निम्मी माणसं सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या दारात. त्या रात्री आमच्याकडे चोरी झाली तर यायला कोण उरतं? स्टेडियमखालची जमीन सरकारची आहे आणि ती भाडेपट्ट्याने दिलेली आहे. जमीन जनतेची, बंदोबस्त जनतेचा, झाडलोट जनतेची. मग तिथे काय आणि कसं चालावं हे विचारायचा हक्कही जनतेचाच आहे.

सामन्याच्या दिवशी इथे राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. दुपारपासून गल्ल्यांच्या तोंडाला बॅरिकेड लागतात. आपल्याच घरी जायला आधार कार्ड दाखवावं लागतं आणि त्यावर जुना पत्ता असेल तर हुज्जत घालावी लागते. पोळ्या करायला येणाऱ्या बाई, रुग्णाला सांभाळायला येणारी ब्युरोची मुलगी, औषधं पोचवणारा पोऱ्या, यांच्याकडे तर इथल्या पत्त्याचं कार्ड असण्याचा प्रश्नच नाही. त्यांना परत पाठवलं जातं आणि वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली म्हातारी संध्याकाळभर एकटी राहते. या इमारती बहुतेक 1930-40 च्या दशकांतल्या. लिफ्ट जुन्या, रहिवासी त्याहून जुने, आणि पार्किंग जवळजवळ नाहीच. याच आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा मंत्र्यांनी अभिनंदनं स्वीकारली. त्या वारशाच्या कंपाउंडच्या भिंतींवर सामन्याच्या रात्री पुरुष रांगेने उभे राहून काय करतात, ते बघायलाही एखाद्या मंत्र्याने यावं. बाहेर ताटकळणाऱ्या हजारोंसाठी फिरती शौचालयं ठेवायला किती खर्च येतो? आणि बाया त्या गर्दीत चार-पाच तास काय करत असतील, हा प्रश्न तर कुठल्याच बैठकीत कोणी काढत नाही.

तेव्हा आराखड्यात आम्हाला काय हवं ते ऐका. पहिली गोष्ट माणसांची: सामन्याला तिकिटाइतकीच माणसं, आणि विनातिकिटाची गर्दी बाहेर जमू लागली तर ती किती झाल्यावर, कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकमाने, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या अलीकडेच अडवायची, याचा आकडा आणि नाव दोन्ही लिहिलेलं हवं. 'सक्षम अधिकारी' असं मोघम चालणार नाही. रेल्वेशी आधी ठरवलेलं हवं. सामना सुटताना जादा गाड्या, गरज पडली तर चर्चगेटचा एखादा दरवाजा फक्त बाहेर पडणाऱ्यांसाठी, आणि आता जमिनीखाली मेट्रो-3 आहे तर तिचाही वापर. कोस्टल रोडवरून येणाऱ्या गाड्या सामन्याच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या तोंडाशी आणून सोडू नका. सी रोडपासून जी रोडपर्यंत प्रत्येक गल्लीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी एक बाजू पूर्ण मोकळी, आणि तिथे उभी असलेली गाडी कोणाचीही असो, आमदाराची असो वा अभिनेत्याची, उचलली जायला हवी. रहिवाशांना आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच पास द्या, प्रत्येक सामन्याला नव्याने नाक घासायला लावू नका. दहानंतर डीजे बंद आणि दारूकाम बंद. आवाज मोजायचं यंत्र स्टेडियमच्या बाहेर, आमच्या बाजूला बसवा आणि त्याचे आकडे दुसऱ्या दिवशी जाहीर करा. बंदोबस्ताचे पैसे आगाऊ भरलेले असतील तरच परवानगी द्या.

विजययात्रेबाबत मात्र आराखडा-बिराखडा काही नको. ती मरीन ड्राइव्हवर नको, बस. खेळाडूंचा सत्कार करायचा तर स्टेडियमच्या आत, आधी नाव नोंदवलेल्या लोकांसमोर, निदान आठवडाभर आधी जाहीर करून करा. फुकट प्रवेश ही घोषणा यापुढे कोणी करू नये. ती औदार्यासारखी दिसते, पण येणारी माणसं मोजायचं एकमेव साधन तीच काढून घेते. मुंबईच्या आसपास मोठं नवं स्टेडियम बांधायच्या गप्पा आम्हीही ऐकतो. ते होईल तेव्हा होईल. ते होईपर्यंतच्या रात्री आम्हालाच काढायच्या आहेत.

आता दोन शब्द चाहत्यांना, आणि तेही इशाऱ्याचेच. मिरवणूक बघायला तान्ही मुलं खांद्यावर घेऊन येऊ नका. झाडांवर आणि गाड्यांच्या टपांवर चढू नका, खाली माणसं असतात. दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदे लागू लागले आणि आपल्या मर्जीने वळता येईना, की तीच निघण्याची वेळ, पुढे कितीही मोठा खेळाडू येत असला तरी. अडकलातच तर दोन्ही हात छातीसमोर वाकवून धरा म्हणजे श्वासापुरती जागा राहील. रेट्याच्या विरुद्ध जाऊ नका, रेटा ओसरला की तिरकं कडेकडे सरका. मोबाइल पडला, चप्पल गेली, तर जाऊ द्या. वाकू नका.

आणि शेजाऱ्यांनो, तुम्हालाही. सामन्याच्या दिवशी गच्ची आणि बाल्कनी भाड्याने देणं बंद करा. जुन्या गच्चीवर शे-दोनशे माणसं चढवून उद्या काही झालं, तर याच इशाऱ्याची प्रत तुमच्या तोंडावर मारली जाईल. कंपाउंडात पैसे घेऊन बाहेरच्यांच्या गाड्या लावून घेणाऱ्या सोसायट्यांना रुग्णवाहिकेच्या रस्त्याबद्दल बोलायचा अधिकार उरत नाही.

हे सगळं हवेत बोलतोय असं कोणी समजू नये. पहिलं पाऊल माहितीच्या अधिकाराचं: गेल्या मोठ्या सामन्यांच्या परवानग्या, अटी, भरलेलं शुल्क, आवाजाच्या नोंदी, सगळं मागवलं जाईल आणि त्याला उत्तर द्यायची कायद्याची मुदतही 30 दिवसच आहे. दुसरं पाऊल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खालचं: सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश. जुन्या संहितेत हे कलम 133 होतं. याच कलमाच्या जोरावर रतलामच्या रहिवाशांनी 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून आपल्या नगरपालिकेला गटारं आणि शौचालयं बांधायला लावली. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब न्यायालयाने ऐकून घेतली नाही. तिसरं पाऊल उच्च न्यायालयाचं. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी तिथूनच 2010 मध्ये आपलं मैदान शांतता क्षेत्र करून घेतलं, आणि त्यांच्यासमोर तर राजकीय सभांची कित्येक दशकांची परंपरा उभी होती. राहता राहिला प्रश्न सामने हलवण्याचा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं, तेव्हा खेळपट्ट्यांवर पाणी मारून आयपीएल खेळवायला उच्च न्यायालयाने हरकत घेतली आणि मे महिन्यातले जवळपास सगळे सामने महाराष्ट्राबाहेर धाडले, अंतिम सामन्यासकट. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही दाद मिळाली नाही. पाण्यासाठी सामने हलू शकतात, तर माणसांच्या जिवासाठी का नाही, हे न्यायालयापुढे मांडायला आम्हाला फार अवघड जाणार नाही.

या इशाऱ्यानंतर अजाणतेपणाची सबब कोणालाच राहणार नाही. बेंगळुरूत घटनेनंतर प्रत्येकाने सांगितलं की एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. मुंबईत असं कोणाला म्हणता येणार नाही, कारण इथे ती गर्दी होऊन गेली आहे आणि काय होऊ शकतं ते हा कागद सांगतो आहे. उद्या दुर्घटना घडली तर आयोगापुढे पहिला पुरावा म्हणून हाच ठेवला जाईल, त्यावरच्या तारखेसह.

मुदत 30 दिवसांची. उत्तर लेखी हवं, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने आणि सहीने. बैठकीला बोलावून चहा पाजणं हे उत्तर धरलं जाणार नाही.